सेवेतील उत्साह आणि धृती
(गीता, अध्याय १८, श्लोक २६ ते २८ व ३३ ते ३५ यांच्या अनुषंगाने)

श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी ज्ञान, कर्म आणि कर्ता या तिहींचे गुणभेदाने तीन-तीन प्रकार सांगितले आहेत. ज्ञान व कर्म यांविषयीच्या श्लोकांचे विवरण प्रवचनांतून वारंवार होत असते. कर्त्याविषयीचे तीन श्लोक मात्र बहुधा घाईने उरकले जातात. वस्तुतः ज्यांच्या घरी कॉलेजात जाणारी मुले आहेत अशा गृहस्थांना या तीन श्लोकांइतका उपयोगी भाग गीतेत क्वचितच दुसरा सापडेल. सव्विसाव्या श्लोकात सात्त्विक कर्त्याची लक्षणे येतात. तो आसक्तीतून सुटलेला असतो. ‘मी केले’ असे बोलत नाही. धृती आणि उत्साह या दोहोंनी युक्त असतो. आणि कार्य सिद्धीस जावो वा न जावो, त्याच्या चित्ताचा तोल ढळत नाही. यांतील तिसरे लक्षण हा प्रस्तुत पाठाचा विषय होय.

धृती आणि उत्साह हे दोन शब्द येथे एकाच समासात गुंफलेले आहेत, ही गोष्ट सहज नजरेतून सुटते. उत्साह म्हणजे कार्याला हात घालण्याची उमेद. धृती म्हणजे हाती घेतलेले कार्य धरून ठेवण्याची शक्ती. पहिला गुण तारुण्यात निसर्गतःच असतो, तो कोणाला शिकवावा लागत नाही. दुसरा मात्र वयाबरोबर आपोआप येतोच असे नाही. कित्येक म्हाताऱ्यांपाशीही तो नसतो. नुसता उत्साह असला तर काम आरंभशूरपणात संपते. नुसती धृती असली तर माणूस जुन्याच खुंट्याला बांधलेला राहतो. कर्ता सात्त्विक म्हणवण्यास दोन्ही हवीत, असा भगवंतांचा स्पष्ट अभिप्राय आहे.

हा विचार आज मुद्दाम मांडण्याचे कारण असे की, तरुण पिढी समाजकार्यापासून दुरावली आहे ही तक्रार घरोघरी ऐकू येते. आणि ती पूर्णांशाने खरी नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात महापूर आला, तेव्हा किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी आपल्या होड्या मालमोटारींवर चढवून बुडालेल्या गावांत नेल्या, आणि शहरांतील मदतकेंद्रांत विद्यार्थी रात्र-रात्र जागून धान्य, औषधे, कपडे यांची वर्गवारी करीत राहिले. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत कोविडच्या दुसऱ्या लाटेत रुग्णालयात खाट मिळेना, प्राणवायूचा सिलिंडर मिळेना, अशा वेळी घरांत अडकून पडलेली असंख्य मुले-मुली हातात टेलिफोन घेऊन बसली. या दुकानात सिलिंडर आहे काय, त्या रुग्णालयात जागा आहे काय, याची एकेक चौकशी करून ती माहिती अनोळखी कुटुंबांना कळविणे हेच त्यांचे काम होते. त्यांच्यापैकी पुष्कळांची नावे ज्यांना साह्य झाले त्यांनाही कधी कळली नाहीत. उत्साह आटला आहे असे म्हणणाऱ्यांनी हे दिवस आठवावेत.

तरुणांची अशी सेवा ही काही आजची नवलाई नव्हे. १८९९ साली कलकत्त्यात प्लेगने धुमाकूळ घातला, तेव्हा रामकृष्ण मिशनने स्वच्छतेचे काम हाती घेतले. भगिनी निवेदिता या कार्याच्या चिटणीस होत्या आणि वस्त्यांतील सफाई स्वामी सदानंदांच्या देखरेखीखाली चाले. निवेदितांच्या आवाहनावरून विद्यार्थीही त्यात दाखल झाले. बागबाजारातील एका गल्लीत त्या स्वतः झाडू घेऊन उतरल्या, हे पाहून तेथील तरुण ओशाळले आणि त्यांनीही झाडू हाती घेतले, अशी आठवण नमूद आहे. श्रेष्ठ माणूस जसे वागतो तसे इतर वागू लागतात, हे तिसऱ्या अध्यायाच्या एकविसाव्या श्लोकातील वचन त्या गल्लीत कोणी म्हणून दाखविले नसेल. त्याची गरजही पडली नाही.

स्वातंत्र्यानंतर या उत्साहाला शासनाने एक चौकट दिली. गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आरंभी ३७ विद्यापीठे आणि सुमारे ४०,००० विद्यार्थी तिच्यात होते; आज ही संख्या कित्येक लाखांच्या घरात गेली आहे. ‘मी नव्हे, तुम्ही’ या अर्थाचे तिचे बोधवाक्य आहे, आणि गीतेच्या अभ्यासकाला त्यात ‘अनहंवादी’ या पदाची ओळख पटल्यावाचून राहत नाही. योजनेचे चिन्हही विचार करण्याजोगे आहे. ओडिशातील कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचे ते चाक. त्याचे आठ आरे अष्टौप्रहरांचे द्योतक मानले जातात. तिसऱ्या अध्यायाच्या सोळाव्या श्लोकात भगवंत म्हणतात की, सृष्टीत प्रवर्तित झालेले यज्ञाचे चक्र जो पुढे फिरवीत नाही त्याचे जिणे व्यर्थ होय. हे चिन्ह निवडणाऱ्यांच्या मनात तो श्लोक होता असे सुचविण्याचा हेतू नाही. परंतु ज्या विद्यार्थ्याच्या छातीवर ते चाक आहे, त्याच्या घरी गीतेची पोथी असेल तर पित्याने दोन्ही एकदा शेजारी ठेवून त्याला दाखवावीत.

आता या चौकटीतील अडचणीकडे वळावयास हवे. योजनेतील विद्यार्थ्याने दरवर्षी १२० तास, याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास सेवा करावी आणि सात दिवसांच्या एका विशेष शिबिरात राहावे, अशी अपेक्षा असते. ते पूर्ण झाले की प्रमाणपत्र मिळते. काही विद्यापीठांत सवलतीचे गुणही मिळतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर समाजसंपर्काच्या अभ्यासक्रमांना श्रेयांकांची जोड देण्याचे सुचविले आहे. नोकरीसाठी किंवा परदेशच्या विद्यापीठासाठी अर्ज करतानाही ‘समाजसेवा’ या सदराखाली काही लिहावे लागते. परिणामी सेवेचा हिशेब तासांनी होऊ लागला. गावाबाहेर झाडे लावली जातात, भिंतींवर घोषणा रंगविल्या जातात, शोषखड्डे खणले जातात. सातव्या दिवशी समारोप होतो, छायाचित्र निघते, मोटार शहराकडे परतते. पुढल्या उन्हाळ्यात त्या रोपांना पाणी कोणी घातले, याची विचारपूस करणारा बहुधा कोणी नसतो.

या प्रकाराला गीतेत नेमका शब्द आहे. कर्त्याचे भेद सांगून झाल्यावर, तेहेतिसाव्या श्लोकापासून भगवंत धृतीचेही तीन भेद करतात. मन, प्राण आणि इंद्रिये यांचे व्यापार अढळपणे धरून ठेवते ती सात्त्विकी धृती. निद्रा, भय, शोक, विषाद आणि मद यांना सोडू देत नाही ती तामसी. कारण आळशालाही आपला आळस घट्ट धरून ठेवावाच लागतो! मधली राजसी. ती फळाच्या इच्छेने धर्म, काम, अर्थ यांना धरून राहते. हा भेद मोठा सूक्ष्म आहे. राजसी धृतीचा मनुष्य कामचुकार नसतो. तो उन्हात खणतो, चिखलात उतरतो, २४० तासांतील एकही तास चुकवीत नाही. फक्त २४१ वा तास त्याच्या आयुष्यात येत नाही. फळ हाती आले की दोर सुटतो. त्याच्या श्रमात खोट नसते. तो श्रम कशाला बांधलेला आहे, एवढाच प्रश्न असतो.

मग प्रमाणपत्रासाठी केलेली सेवा टाकाऊ समजावी काय? पुष्कळ वडील मंडळी असे बोलतात, आणि मुलांच्या तोंडावर बोलतात. “तुमची सेवा कसली, कागदासाठी चाललेली धडपड ती!” या बोलण्यात चतुराई आहे, पण गीतेचा आधार नाही. तिसऱ्या अध्यायाचा सव्विसावा श्लोक याविषयी अगदी स्वच्छ आहे. जे आसक्तीने कर्म करीत आहेत त्यांचा बुद्धिभेद जाणत्याने करू नये. स्वतः युक्त होऊन कर्म आचरावे आणि त्यांच्याकडूनही ते प्रेमाने करवून घ्यावे. ज्ञानेश्वर महाराजांनी या स्थळी तान्ह्या मुलाचा दृष्टांत दिला आहे. ज्याला आईचे दूधही कष्टाने पिता येते, त्याच्यापुढे पक्वान्नांचे ताट मांडून काय उपयोग? निष्काम कर्म हे पक्वान्न आहे. एकोणीस वर्षांचा मुलगा प्रथम प्रमाणपत्राच्या निमित्ताने एखाद्या वस्तीत जातो. तेथे एखादी म्हातारी त्याला नावाने हाक मारू लागते. आणि प्रमाणपत्र पदरात पडल्यानंतरही कोणत्या तरी रविवारी त्याची पावले तिकडे वळतात. असे घडते. प्रत्येकाच्या बाबतीत घडत नाही, हेही खरे. परंतु घडण्याची वाट बंद करण्याचा अधिकार थट्टा करणाऱ्याला कोणी दिला? ‘लोकसंग्रह’ या पदाचा अर्थ सांगताना श्रीशंकराचार्यांनी लोकांना आडवाटेवरून निवारण्यावर भर दिला आहे. जो चांगल्या वाटेवर चुकतमाकत का होईना चालू लागला आहे, त्याला टोमण्याने मागे फिरविणे हे लोकसंग्रहाच्या नेमके उलट काम होय.

थट्टा वर्ज्य आहे, तरी परीक्षण वर्ज्य नाही. सतराव्या अध्यायात दानाचे जे निकष दिले आहेत, तेच सेवेला लावून पाहावेत. सात्त्विक दान परतफेडीची अपेक्षा न धरता, योग्य देशी, योग्य काळी, योग्य पात्री दिले जाते. तामस दान अयोग्य स्थळी व वेळी दिले जाते, आणि शिवाय सत्कार न करता, अवज्ञेने दिले जाते. देश, काल आणि पात्र हे शब्द जुन्या ग्रंथांतून येतात म्हणून ते तीर्थक्षेत्र, पर्वकाल आणि ब्राह्मण यांच्यापुरतेच राखून ठेवण्याची सवय झाली आहे. त्यांचा आजचा अर्थ पाहिला तर हे तीन शब्द एखाद्या सेवा-संस्थेच्या कार्यपद्धतीचा पायाच वाटतील.

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटांनी तमिळनाडूचा किनारा उद्ध्वस्त केला. देशभरातून कपड्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे तिकडे रवाना झाले. त्यांत फाटके होते, मळके होते, किनाऱ्यावरच्या कोळी कुटुंबांनी कधी अंगावर घातले नसते असे होते. पुष्कळ कपडे रस्त्याच्या कडेला ढिगांनी पडून राहिले. देणाऱ्यांच्या हृदयात करुणा नव्हती असे कोण म्हणेल? परंतु ‘पात्र’ कोण आहे, त्याला काय हवे आहे, हे पाहण्याचे श्रम कोणी घेतले नव्हते. आणि घरातील नकोसे झालेले काढून टाकण्यालाच दान समजले गेले होते. यात अवज्ञा आहे, मग ती नकळत का असेना. दिल्लीत १९९९ साली सुरू झालेल्या ‘गूंज’ या संस्थेने पुढे त्या न वापरलेल्या कपड्यांची निवड करून ते मार्गी लावण्याचे काम केले. तिची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. कपडा भीक म्हणून न देता, गावकऱ्यांनी आपल्याच गावासाठी विहीर, रस्ता, बांध असे काही काम करावे आणि त्या श्रमाचा मान म्हणून तो स्वीकारावा, असा तिचा प्रघात आहे. घेणाऱ्याची मान ताठ राहते; सतराव्या अध्यायातील ‘सत्कार’ यालाच म्हणावे.

कोविडच्या दिवसांतील टेलिफोनच्या सेवेचा उल्लेख वर आला आहे. तेथे ‘काल’ हा निकष सर्वांत कठोर होता. सकाळी खरी असलेली माहिती दुपारी खोटी ठरे. सिलिंडर संपलेला असे. ज्यांनी नुसत्या याद्या पुढे धाडल्या त्यांचा हेतू चांगला होता, तथापि त्या याद्यांवर विसंबून रुग्णाचे नातेवाईक वणवण फिरले. ज्यांनी प्रत्येक क्रमांकावर स्वतः विचारून मगच तो पुढे दिला, त्यांची सेवा खरोखर सेवा झाली. दोघांचा भाव सारखाच, पण फळात केवढे अंतर! सेवेला नुसता भाव पुरतो असे मानणाऱ्यांनी याचा शांतपणे विचार करावा.

छायाचित्राविषयीही येथेच सांगितलेले बरे. हल्ली अन्नाचे पाकीट देतानाचे, ब्लँकेट पांघरतानाचे चित्र टिपून ते लगेच हजारो लोकांपुढे मांडण्याची रूढी पडली आहे. देणारा हसतमुखाने पुढे पाहतो. घेणारा खाली पाहतो. ज्या म्हाताऱ्याने आयुष्यभर कोणापुढे हात पसरला नाही, त्याचा पसरलेला हात त्याच्या गावी, त्याच्या सोयऱ्यांत सर्वत्र दिसतो. त्याला कोणी विचारलेले नसते. सत्ताविसाव्या श्लोकात राजस कर्त्याला हर्ष आणि शोक यांनी ग्रासलेला म्हटले आहे. आपले चित्र किती जणांना आवडले हे घटकेघटकेला पाहणाऱ्याचे याहून यथार्थ वर्णन ते काय असणार? घरच्या वडीलधाऱ्यांनी मुलांना एवढे एकच बंधन घातले, की घेणाऱ्याचे तोंड चित्रात येता कामा नये, तर पुष्कळ काम होईल. अर्थात लग्नमुंजीत अन्नदान करताना स्वतः छायाचित्रकाराकडे पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे सांगणे थोडे जड जाईल.

उत्साहाची खरी कसोटी अपयशाच्या वेळी लागते. मुंबईच्या वर्सोवा येथील समुद्रकिनारा प्लास्टिकच्या कचऱ्याखाली अक्षरशः गाडला गेला होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या तरुण वकिलाने चौऱ्याऐंशी वर्षांच्या एका शेजाऱ्यासह तो उचलण्यास आरंभ केला. हळूहळू विद्यार्थी, कोळी, नोकरदार असे शेकडो लोक दर आठवड्याच्या सुट्टीला येऊ लागले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१६ साली या कार्याचा गौरव केला. मार्च २०१८ मध्ये त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिले समुद्राकडे जाताना दिसली, ही वार्ता वृत्तपत्रांतून सर्वत्र पसरली. पण यापेक्षाही विचार करण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. समुद्र कचरा परत आणून टाकतो. पावसाळ्यात तर साफ केलेला किनारा पुन्हा भरून जातो. ज्याने एका रविवारी घाम गाळला, त्याला पुढच्या रविवारी तेच प्लास्टिक पायाखाली दिसते. सिद्धी आणि असिद्धी यांत चित्त निर्विकार ठेवावे, हा उपदेश पोथीत वाचणे सोपे आहे. भरतीनंतरच्या वाळूत पुन्हा वाकताना तो मनात टिकविणे कठीण. तेथे टिकलेल्या मुलांनी गीता वाचली असेल वा नसेल, त्या एका लक्षणाचा अभ्यास मात्र त्यांच्याकडून झाला, असे म्हणण्यास हरकत नाही.

जे टिकत नाहीत त्यांच्यासाठी अठराव्या अध्यायातच एक आधार आहे. पुष्कळ तरुण उमेदीने एखाद्या कार्यात शिरतात आणि वर्षभरात विटून बाहेर पडतात. संस्थेत गटबाजी दिसली, हिशेबात ढिलाई दिसली, पुढारी मिरवताना दिसला; मग सगळेच ढोंग आहे असा निष्कर्ष काढून ते घरी बसतात. अठ्ठेचाळिसावा श्लोक त्यांच्यासाठीच आहे असे वाटते. आपले सहज कर्म सदोष असले तरी टाकू नये, कारण जेथे अग्नी आहे तेथे धूर असतो, तसे सर्वच आरंभ दोषांनी वेढलेले असतात. धूर आहे म्हणून चूल विझविणाऱ्याच्या घरी स्वयंपाक होत नाही. दोष दिसले तर ते काढण्याचा यत्न करावा, न जमल्यास दुसरीकडे काम करावे; परंतु विषाद धरून बसणे हे तामस धृतीचे लक्षण म्हणून भगवंतांनी नाव घेऊन सांगितले आहे.

तरुणाला धृती नसेल तर ती त्याला कोठून मिळावी? येथे व्यवस्थेचा आणि घराचा संबंध येतो. वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये, म्हणजे सेवा योजना निघाली त्याच वर्षी, वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. तेथे प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रथम गांधीजींच्या आश्रमात काही दिवस राहावे लागते. पुढे प्रत्येक तुकडी एक खेडे आपले मानते, तेथे शिबिर करून वस्ती करते, आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपविली जातात. यातील मर्म पुढेच आहे. शिबिर संपले तरी संबंध संपत नाही. विद्यार्थी ठरावीक काळाने त्याच घरांत काही वर्षे जात राहतो. पहिल्या भेटीत जे मूल रांगत होते ते चालू लागलेले त्याला दिसते. ज्या बाईला त्याने औषध घेण्यास सांगितले होते, तिने ते घेतले नाही हेही दिसते, आणि का घेतले नाही हे विचारणे भाग पडते. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलापाशी स्वतःची एवढी धृती नसते. व्यवस्था त्याला ती उसनी देते. सात दिवसांच्या शिबिरात आणि या रीतीत जो फरक आहे तो तासांच्या संख्येचा नव्हे. तीच दारे पुन्हा ठोठावण्याचा आहे.

घरानेही असेच उसने देणे द्यावयाचे असते. पण घरांत बहुधा दोन टोके दिसतात. एका घरी पिता विचारतो, “याचे प्रमाणपत्र मिळते ना?” दुसऱ्या घरी माता म्हणते, “आधी परीक्षा होऊ दे, समाज कोठे पळून जात नाही.” पहिला मुलाची धृती राजसी करून ठेवतो, दुसरी उत्साहाचा अंकुरच खुडते. दीर्घसूत्रीपणा म्हणजे आजचे उद्यावर ढकलणे, आणि अठ्ठाविसाव्या श्लोकात तो तामस कर्त्याच्या लक्षणांत मोजला आहे. परीक्षेनंतर नोकरी, नोकरीनंतर लग्न, लग्नानंतर घराचे कर्ज. समाज खरोखरच कोठे पळत नाही, पळते ते वय.

याच्या उलट एक तक्रार आहे, आणि ती मात्र न्याय्य आहे. “घरात आजोबांना पाण्याचा तांब्या भरून देत नाही आणि गावाची गटारे उपसायला निघाला!” आजारी आजोबांजवळ रात्री जागण्याचे तास कोणी मोजत नाही, त्याचे चित्र निघत नाही, त्यावर शिक्का मिळत नाही. म्हणून ‘मी केले’ असे न बोलण्याच्या गुणाची पहिली परीक्षा घरातच होते. ज्या मुलीने ही परीक्षा दिली आहे, ती एखाद्या वस्तीतील रुग्णाच्या उशाशी बसली तर तिला काही वेगळे शिकवावे लागत नाही. पण ही तक्रार करणाऱ्या गृहस्थांनी आपल्या उंबरठ्याबाहेरही एकदा पाहावे. गृहस्थाश्रमाला पंचमहायज्ञ सांगितले आहेत. त्यांत मनुष्ययज्ञ आणि भूतयज्ञ आहेत. तिसऱ्या अध्यायात तर जो केवळ आपल्यापुरते शिजवितो तो पापच खातो, इतके कडक बोलणे आले आहे. वैश्वदेवाची आहुती आणि अतिथीसाठी काढलेला घास ज्या घरांतून गेला, त्या घरांनी मुलाला समाजकार्य शिकविण्याची सोय स्वतःच मोडून टाकली आहे. मग तो ते बाहेरच्या शिबिरात शिकतो. यात दोष शिबिराचा नाही.

घराला करता येण्याजोगे काम अगदी साधे आहे. मुलाने वा मुलीने एकच जागा निवडावी. ती एखादी शाळा असेल, वृद्धाश्रम असेल, नदीचा घाट असेल. तेथे महिन्यातून ठरलेल्या दोन दिवशी जाण्याचा नेम धरावा. घराने त्या दिवशी दुसरे काम सांगू नये, पाहुणे आले तरी नेम मोडू देऊ नये, आणि वर्षातून एकदोनदा आईबापांपैकी कोणी स्वतः बरोबर जावे. परत आल्यावर ‘किती काम झाले’ हे न विचारता ‘ती माणसे कशी आहेत’ हे विचारावे. या एका प्रश्नाने मुलाचे लक्ष स्वतःवरून त्यांच्याकडे वळते.

तारुण्यातील उत्साह धृतीला मिळाला म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण तीर्थराज प्रयागात घडले. १९४६ च्या माघमेळ्यात राजाराम तिवारी हा अठरा वर्षांचा मुलगा वाळवंटात फिरत होता. गर्दीत आप्तांपासून ताटातूट झालेली एक वृद्धा त्याला भेटली, आणि तिच्या माणसांचा शोध घेण्यापासून त्याच्या कामाला सुरुवात झाली. ध्वनिवर्धक त्याच्याजवळ नव्हता. पत्र्याचा भोंगा करून तो तोंडाला लावी आणि हरवलेल्यांची नावे पुकारीत मेळ्यातून हिंडे. मित्रांना जमवून त्याने भारत सेवा दल काढले, आणि संगमावर ‘भूले-भटके शिबिर’ उभे राहू लागले. दरवर्षी माघ येई, तंबू उभा राही, नावे पुकारली जात. कुंभाच्या पर्वात दूर खेड्यांतून आलेल्या, स्वतःच्या गावाचे नावही धड सांगता न येणाऱ्या वृद्ध स्त्रिया त्या तंबूत येऊन बसत आणि कोणी येईपर्यंत तेथेच जेवत, निजत. या सेवेचे कोणी तास मोजले नाहीत. मेळा संपला की ज्यांची भेट झाली ते आपापल्या गावी निघून जात, आणि त्यांपैकी बहुतेकांना पुकारणाऱ्याचे नावही ठाऊक नसे. लोक त्याला ‘भूले-भटके तिवारी’ म्हणू लागले, तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते.

राजाराम तिवारी २०१६ साली, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी निवर्तले. सत्तर वर्षांत एकाही माघात त्यांचा तंबू चुकला नव्हता. पुढच्या माघात संगमाच्या वाळूवर तो तंबू पुन्हा उभा राहिला. ध्वनिवर्धकासमोर त्यांचा मुलगा बसला होता, आणि हातातील चिठ्ठीवरून तो कोणा एका आजीचे आणि तिच्या गावाचे नाव पुकारीत होता.